वेला, भरती आणि वल्हे : जिरोंद नदीमुखातील १९४२ ची होड्यांची मोहीम

समुद्राच्या भरतीचे पाणी ज्या नदीमुखात दूरवर चढते, त्याला युरोपीय भाषांतून जो शब्द रूढ आहे तो लॅटिन 'एस्टुआरिअम' या शब्दापासून आलेला आहे. त्याच्या मुळाशी 'एस्टुस' हा शब्द असून उष्णता, उकळणे, खवळणे आणि भरती असे त्याचे अर्थ आहेत. भांड्यात तापलेले पाणी जसे फुगून वर येते, तसे समुद्राचे पाणी फुगून नदीत शिरते, अशी या शब्दामागची कल्पना दिसते. इंग्रजीतील 'टाइड' या शब्दाचा इतिहास मात्र अगदी निराळा आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ केवळ 'वेळ' असा होता; जर्मनमधील 'त्साइट' हा कालवाचक शब्द त्याचाच सहोदर होय, आणि नाताळचा किंवा ईस्टरचा काळ दर्शविणाऱ्या सामासिक शब्दांत तो जुना अर्थ इंग्रजीत आजही टिकून आहे. भरतीचा अर्थ त्याला मागाहून प्राप्त झाला.

आपल्याकडे संस्कृत 'वेला' या शब्दाने हाच प्रवास स्वतंत्रपणे केलेला आहे. अमरकोशाने या शब्दाचे तीन अर्थ नोंदविले आहेत : समुद्राच्या पाण्यात होणारा विकार, म्हणजे भरती, काल, आणि मर्यादा. मराठीत त्यांपैकी कालाचा अर्थ 'वेळ' या रूपाने नित्याच्या व्यवहारात राहिला, तर गोव्याच्या कोंकणीत 'दर्यावेळ' म्हणजे समुद्राचा किनारा. 'टाइड' आणि 'वेला' यांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीही संबंध नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु परस्परांशी संबंध नसलेल्या दोन शब्दांनी काल आणि भरती या दोन अर्थांना एकत्र बांधावे, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकाने दुर्लक्षून चालणार नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला समुद्र हा घड्याळासारखा वाटतो, हाच तिचा अर्थ.

तेव्हा भरतीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी शब्दांतच साठवलेल्या आहेत. एका दृष्टीने भरती म्हणजे खवळणे. दुसऱ्या दृष्टीने भरती म्हणजे वेळ. हे केवळ कोशातील कुतूहल नव्हे. भरतीच्या नदीमुखात वल्ह्याने चालणारी लहान होडी घेऊन जाणाऱ्या माणसाचे यशापयश, आणि प्रसंगी जीवनमरण, या दोहोंच्या मेळावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धातील एका सुपरिचित घटनेचा, म्हणजे डिसेंबर १९४२ मध्ये फ्रान्समधील जिरोंद नदीमुखातून बोर्दो बंदरावर झालेल्या ब्रिटिश मोहिमेचा, या दृष्टीने विचार करावयाचा आहे. या मोहिमेचा इतिहास बहुधा शौर्यकथा म्हणून सांगितला जातो. त्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या पाच रात्रींत जे घडले ते तसेच का घडले, याचे उत्तर शौर्यात नसून बहुतांशी पाण्याच्या वेळापत्रकात आहे, असे दाखविता येते. आणि जे त्या वेळापत्रकात नाही तेही त्यामुळेच वेगळे काढता येते.

प्रथम होडीच्या नावाविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे. 'कॅनू' हा शब्द कॅरिबियन बेटांतील लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आला. कोलंबसाच्या १४९२ च्या पहिल्या सफरीच्या वृत्तांतात तो आढळतो, आणि १४९५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या नेब्रिहाच्या स्पॅनिश-लॅटिन कोशात त्याला स्थानही मिळाले. अमेरिका खंडातील भाषांतून युरोपीय कोशात शिरलेला हा पहिला शब्द मानला जातो. 'कयाक' हा शब्द उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांचा. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून, बसणाऱ्याच्या कमरेभोवतीचे भोक तेवढे सोडून वरून बंद केलेली ती शिकारी होडी होय. कॅनू ही मूलतः उघडी होडी, तिचे वल्हे एका टोकाला पाते असलेले. कयाक ही बंद होडी, तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाती असलेले, असा भेद उत्तर अमेरिकेत पाळला जातो.

इंग्लंडमध्ये मात्र हा भेद दीर्घकाळ पाळला गेला नाही, आणि त्याला एक ऐतिहासिक कारण आहे. जॉन मॅक्ग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ मध्ये 'रॉब रॉय' नावाची एक होडी बांधवून घेतली. ती १५ फूट लांब, वरून बहुतांशी बंद आणि दुपाती वल्ह्याने चालणारी होती. म्हणजे रचनेने ती कयाकच्या वर्गात मोडते. परंतु मॅक्ग्रेगरने तिला कॅनू म्हटले. तीत बसून त्याने थेम्स नदीच्या भरती-ओहोटीच्या पाण्यातून प्रवासास आरंभ केला आणि युरोपातील अनेक नद्यांचा संचार केला. त्याचे प्रवासवर्णन १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी लंडनमध्ये कॅनू क्लब स्थापन झाला, आणि हौशी लोकांच्या या नव्या छंदाबरोबर 'कॅनू' हे नाव इंग्लंडमध्ये सर्व प्रकारच्या अशा होड्यांना चिकटले. म्हणूनच १९४२ च्या मोहिमेतील होड्या रचनेने कयाकच्या वर्गातील असूनही तत्कालीन ब्रिटिश कागदपत्रांत 'कॅनू' म्हणूनच उल्लेखिलेल्या आहेत. या कागदपत्रांचा उपयोग करणाऱ्याने हा नामभेद ध्यानी ठेवावा.

यानंतरचा टप्पा जर्मनीतील आहे. म्युनिचमधील आल्फ्रेड हॉयरिख या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये घडी करून नेता येईल अशी, बांबूचा सांगाडा व कापडी आच्छादन असलेली होडी तयार केली, आणि १९०७ पासून रोझेनहाइम येथील योहान क्लेपर याने तिचे उत्पादन सुरू केले. आगगाडीने डोंगरात जावे आणि नदीने उतरत परत यावे, अशा सुटीच्या प्रवासासाठी निघालेली ही वस्तू पुढे युद्धसाहित्यात जमा झाली. ब्रिटिश सैन्यानेही १९४० नंतर प्रथम अशाच घडीच्या होड्या वापरल्या. पण त्या नाजूक होत्या. चिखलावरून ओढता येईल, लादलेल्या सुरुंगांचे ओझे सहन करील आणि तरीही पाणबुडीच्या अरुंद झडपेतून बाहेर काढता येईल अशी होडी हवी होती. आइल ऑफ वाइटवरील सॉन्डर्स-रो कारखान्याशी संबंधित असलेल्या फ्रेड गोटली या नौकाकाराने ती गरज पुरविली. तिचा तळ सपाट व लाकडी, बाजू कॅनव्हासच्या, लांबी सुमारे १५ फूट, आणि बसणारे दोघे. तिचे सांकेतिक नाव 'कॉकल' म्हणजे एका जातीची शिंपली. जहाजाच्या बुडाला लोहचुंबकाने चिकटवावयाच्या सुरुंगांचे नाव 'लिंपेट', म्हणजे खडकाला घट्ट धरून राहणारा कवचधारी जीव. सहा होड्यांची नावेही 'सी' या इंग्रजी अक्षराने सुरू होणाऱ्या जलचरांची : कॅटफिश, क्रेफिश, कॉंगर, कटलफिश, कोलफिश आणि कॅशलॉट.

या होड्यांची गरज का पडली, हे पाहण्यासाठी नजर पूर्वेकडे वळवावी लागते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर स्वारी केली आणि १९४२ च्या आरंभी तेथील रबराचे मळे त्याच्या हाती गेले. जर्मनीला नैसर्गिक रबराची मोठी चणचण होती. पूर्वेकडील बंदरांतून निघून दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी चुकवीत येणारी वेगवान मालवाहू जहाजे रबर आणि इतर कच्चा माल घेऊन बोर्दोला लागत, आणि तेथून यंत्रसामग्री घेऊन परत जात. मे १९४२ मध्ये ब्रिटनचे आर्थिक युद्धखात्याचे मंत्री लॉर्ड सेलबोर्न यांनी हा व्यापार थांबविण्याची निकड सरकारपुढे मांडली. परंतु बोर्दो शहर समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, नदीकाठी वसलेले आहे. विमानांतून बॉम्ब टाकावे तर शहरातील नागरिक मरावयाचे. मोठे सैन्य उतरवावे तर ते अंतर फार. संयुक्त कारवाई विभागाचे प्रमुख, पुढे हिंदुस्थानचे अखेरचे व्हाइसरॉय झालेले लुई माउंटबॅटन, यांच्या विभागात शेवटी मेजर हर्बर्ट हास्लर याची सूचना मान्य झाली. नदीमुखातून रात्री होड्या वल्हवीत जावयाचे, दिवसा काठावरील वेताच्या किंवा गवताच्या दाटीत लपावयाचे, आणि बंदरात शिरून जहाजांना सुरुंग चिकटवावयाचे, अशी ती योजना होती.

येथे जिरोंदच्या स्वरूपाची कल्पना दिली पाहिजे. पिरिनीज पर्वताकडून येणारी गारोन आणि पूर्वेकडून येणारी दोर्दोन्य यांचा संगम बोर्दोच्या खाली बेक दाम्बेस येथे होतो, आणि तेथून समुद्रापर्यंतच्या सुमारे ७५ किलोमीटर लांबीच्या रुंद, गढूळ पाण्याला जिरोंद म्हणतात. भरती या पाण्यातून वर चढून बोर्दोच्याही पलीकडे जाते. उधाणाच्या दिवसांत गारोन व दोर्दोन्य यांत 'मास्कारे' नावाची भरतीची भिंतीसारखी लाट उठते, ती प्रसिद्धच आहे. भरतीची लाट उथळ नदीत शिरली की तिचा माथा खोल पाण्यावरून लवकर पुढे सरकतो आणि तिचा तळ उथळ पाण्यात रेंगाळतो. परिणामी जसजसे वर जावे तसतसा भरतीचा काळ आखूड होतो व ओहोटीचा काळ लांबतो. नदीमुखाशी दोन्ही जवळजवळ सारख्या असतात; बोर्दोला ओहोटी भरतीपेक्षा कितीतरी अधिक वेळ चालते.

वल्हेकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा. ओझ्याने लादलेली दोघांची होडी साधारणपणे माणसाच्या पायी चालण्याच्या गतीने जाते. उधाणाच्या प्रवाहाचा वेगही तितकाच, कित्येक ठिकाणी त्याहून अधिक. म्हणजे भरतीबरोबर वल्हविले तर गती दुप्पट होते. ओहोटीविरुद्ध वल्हविले तर सारी शक्ती खर्चूनही होडी जागची हलत नाही. अशा पाण्यात अंतर मैलांत मोजणे निरर्थक असते. ते अंधारात सापडणाऱ्या भरतीच्या तासांत मोजावे लागते. त्यात आणखी एक गुंता असा की भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, आणि जसजसे वर जावे तसतशीही ती उशिरा पोहोचते. प्रत्येक रात्रीचे गणित निराळे होते ते यामुळे.

मोहिमेची वेळ ठरविताना आणखी एक बंधन होते. अंधार हवा, म्हणून अमावस्येचे दिवस निवडले गेले. त्या महिन्यात अमावस्या ८ डिसेंबरला होती. परंतु ज्या खगोलीय योगाने रात्र काळोखी होते, त्याच योगाने समुद्राला उधाण येते, कारण अमावस्येला सूर्य व चंद्र एकाच दिशेने पाणी ओढतात. कोकणातील कोळ्याला हे सांगावे लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग हे त्याच्या रोजच्या हिशेबातील शब्द आहेत. भांगाचे मंद पाणी निवडावे तर आकाशात चंद्र. काळोख निवडावा तर पाण्याला सर्वाधिक जोर. या पेचातून सुटका नव्हती. काळोख निवडला गेला, आणि त्याबरोबर उधाणही पत्करले गेले. त्याचा लाभ पुढे वर चढताना मिळाला, आणि त्याची किंमत पहिल्याच रात्री द्यावी लागली.

नोव्हेंबर १९४२ मध्ये या मोहिमेची रंगीत तालीम थेम्सच्या नदीमुखात, मार्गेटपासून डेप्टफर्डपर्यंत, घेण्यात आली होती. मॅक्ग्रेगर ज्या पाण्यातून हौसेने गेला होता, त्याच पाण्यात हे शिपाई आता युद्धासाठी वल्हवीत होते. ही तालीम साफ फसली. होड्यांची पांगापांग झाली आणि पहारेकऱ्यांनी त्या टिपल्या. तरीही मोहीम रद्द झाली नाही.

७ डिसेंबर १९४२ च्या संध्याकाळी 'ट्यूना' ही पाणबुडी जिरोंदच्या मुखापासून सुमारे दहा मैलांवर वर आली. झडपेतून काढताना कॅशलॉट होडी फाटली व ती मागे राहिली. पाच होड्या आणि दहा माणसे पाण्यावर उतरली. भरतीच्या लोंढ्याबरोबर ती मुखाकडे निघाली, तेव्हा त्यांना पुढून फुटणाऱ्या लाटांचा आवाज ऐकू येऊ लागला. उधाणाचे पाणी मुखाजवळच्या उथळ भागांवरून आणि वाळूच्या बांधांवरून वेगाने ओढले गेले म्हणजे तेथे उभ्या, दिशाहीन लाटांचा पट्टा तयार होतो. वारा नसतानाही तो निर्माण होतो, कारण त्याचे मूळ वाऱ्यात नसून प्रवाहात असते. पहिल्या पट्ट्यातून चारच होड्या बाहेर आल्या. वॉलेस व यूअर्ट यांची कोलफिश दिसेनाशी झाली. पुढच्या पट्ट्यात, सुमारे पाच फूट उंचीच्या लाटांत, कॉंगर उलटली. तिच्यातील शीअर्ड व मॉफट यांना इतर होड्यांच्या टोकांना धरून काही अंतर ओढत नेण्यात आले. परंतु भरतीची वेळ निघून जात होती, आणि अंधारही. अखेर किनारा जवळ आहे असे पाहून त्या दोघांना पाण्यातच सोडून इतरांना पुढे जावे लागले. डिसेंबरच्या त्या थंड पाण्यात ते दोघेही वाचले नाहीत. जर्मन नौकांच्या पहाऱ्यातून निसटताना मॅकिनन व कॉनवे यांची कटलफिश उरलेल्या दोघींपासून वेगळी पडली.

या पहाऱ्यातून जातानाचा एक तपशील भाषेच्या अभ्यासकालाही रोचक वाटेल. या होड्यांची दुपाती वल्ही मधून सुटी होत, आणि पहाऱ्याजवळ आल्यावर वल्हेकरी ती सोडून एकपाती वल्ही वापरीत व पुढे वाकून होडीशी समांतर होत. कारण दुपाती वल्ह्याचे वरचे पाते हवेत उंच फिरते आणि दुरून दिसते. म्हणजे तीच होडी उघड्या पाण्यात कयाकसारखी चाले आणि पहाऱ्याखाली कॅनूसारखी. इंग्रजी शब्दप्रयोगातील ज्या घोटाळ्याचा वर उल्लेख केला, तो येथे प्रत्यक्ष वस्तूतच उतरलेला दिसतो.

पहिल्या रात्रीनंतर हास्लर-स्पार्क्स यांची कॅटफिश आणि लेव्हर-मिल्स यांची क्रेफिश एवढ्या दोनच होड्या एकत्र राहिल्या. सकाळी सें-व्हिव्हियांजवळ त्या लपलेल्या असताना स्थानिक फ्रेंच कोळ्यांच्या दृष्टीस पडल्या. हास्लरने त्यांना गप्प राहण्याची विनंती केली, आणि ते गप्प राहिले. दुसऱ्या रात्री भरती सुरू होईपर्यंत थांबावे लागले, आणि ओहोटीने पाणी दूर गेले असल्यामुळे भरलेल्या होड्या चिखलावरून बरेच अंतर ओढत न्याव्या लागल्या. सपाट तळाची होडी का हवी होती, हे येथे कळते. त्यानंतर मात्र भरतीचा जवळजवळ संपूर्ण काळ अंधारात मिळाला आणि सुमारे २२ मैलांची मजल झाली. तिसऱ्या रात्री संध्याकाळच्या भरतीचा शेवटचा भाग आणि पहाटेच्या भरतीचा पहिला भाग एवढेच हाती लागले. मधली सहा तासांची ओहोटी एका बेटावर काढावी लागली. त्या रात्रीची मजल सुमारे १५ मैल. चौथ्या रात्री भरतीचे काही तासच मिळाले, पाठोपाठ जोराची ओहोटी लागली, आणि सुमारे ९ मैलांवर थांबावे लागले.

२२, १५, ९ हे आकडे पाहून कोणी असा निष्कर्ष काढील की माणसे दमत चालली होती. ती दमली असतील यात संशय नाही. पाच रात्री ओल्या कपड्यांत वल्हविणारा दमणारच. परंतु या उतरत्या आकड्यांचे मुख्य कारण थकवा नव्हे. अंधारात सापडणारे भरतीचे तास रात्रीगणिक कमी होत गेले, त्याचा तो आलेख आहे. याच कारणाने मूळ योजनेप्रमाणे १० डिसेंबरच्या रात्री हल्ला करणे शक्य झाले नाही. हास्लरने तो एक दिवस पुढे ढकलला. बासेन्ससमोरच्या उंच वेतांत, शत्रूच्या जहाजांच्या अगदी समोर, तो दिवस त्यांनी काढला.

११ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास ते निघाले. वेळेची ही निवड पाहण्यासारखी आहे. भरतीच्या अखेरच्या पाण्याबरोबर बंदरात शिरावे, पाणी स्थिर असताना जहाजांच्या कडेला लागून काम करावे, आणि ओहोटी लागताच तिच्याबरोबर निघून जावे, असे तीन टप्पे तिच्यात बसविलेले होते. कॅटफिशने पश्चिम तीरावरील चार जहाजांना आठ सुरुंग चिकटविले. एका जहाजावरील पहारेकऱ्याने विजेरीचा झोत खाली टाकला, तेव्हा दोघे निश्चल राहिले आणि होडी जहाजाच्या कडेने वाहत गेली. पूर्व तीरावर लक्ष्य न मिळाल्याने क्रेफिश परत बासेन्सला आली आणि तेथील दोन जहाजांना तिने आठ सुरुंग लावले. मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या सुमारास कॅटफिश ओहोटीबरोबर परत फिरली. वाटेत दोन्ही होड्यांची अकस्मात गाठ पडली. 'अकस्मात' हा शब्द सर्व वृत्तांतांत येतो. पण एकाच ओहोटीवर, एकाच नदीतून, एकाच दिशेने निघालेल्या दोन होड्या भेटाव्यात यात योगायोगाचा भाग वाटतो त्याहून कमी आहे. ब्लाय गावाजवळ त्यांनी होड्या बुडविल्या आणि दोन जोड्या वेगवेगळ्या वाटांनी पायी निघाल्या. त्यानंतर सुरुंग फुटून अनेक जहाजांना भगदाडे पडली.

हास्लर व स्पार्क्स हे दोघे फ्रेंच प्रतिकार-चळवळीच्या साहाय्याने स्पेनमार्गे १९४३ मध्ये परत पोहोचले. दहा जणांपैकी वाचलेले हे दोनच. कोलफिशचे वॉलेस व यूअर्ट हे ८ डिसेंबरला पकडले गेले होते, आणि हल्ला होण्याच्या सुमारासच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मॅकिनन व कॉनवे यांची होडी स्वतंत्रपणे संगमापर्यंत पोहोचून पाण्याखालील अडथळ्यावर फुटली. ते दोघे आणि लेव्हर व मिल्स हे पुढे फ्रान्समध्ये पकडले गेले व त्यांनाही मृत्युदंड देण्यात आला. हे सर्व गणवेशातील सैनिक होते. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी हिटलरने काढलेल्या गुप्त आदेशानुसार अशा तुकड्यांतील सैनिकांना, ते शरण आले तरी, ठार मारावयाचे होते. न्यूरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये जर्मन आरमाराचा सेनापती रेडर याच्याविरुद्ध निकाल देताना बोर्दोच्या या घटनेची नोंद घेतली. जर्मन आरमाराच्या स्वतःच्या दैनंदिनीत, हे सैनिक गणवेशात असल्यामुळे ही गोष्ट आंतरराष्ट्रीय कायद्यात नवी ठरते, अशा आशयाचा शेरा मारलेला होता.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. आठ मृत्यू झाले; ते सर्व एका ओळीत लिहून 'मोहिमेत कामी आले' असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु कारणांचा विचार करता हे आठ मृत्यू एकाच जातीचे नाहीत. शीअर्ड व मॉफट यांना पाण्याने मारले. उधाण, उथळ मुख आणि थंडी ही त्यांच्या मृत्यूची कारणे, आणि काळोखासाठी अमावस्या निवडली तेव्हाच तो धोका स्वीकारलेला होता. उरलेल्या सहा जणांना पाण्याने मारले नाही. पाण्याने त्यांपैकी काहींना किनाऱ्यावर टाकले, काहींची होडी फोडली. पण किनाऱ्यावर आलेल्या माणसाला जिवंत ठेवावे की मारावे, हा निर्णय माणसांनी घेतला, आणि तो लेखी आदेशाने घेतला. निसर्गाच्या कारणांचा नीट हिशेब मांडण्याचा खरा उपयोग हाच आहे. भरतीच्या पदरी किती टाकावयाचे हे ठरले, म्हणजे माणसाच्या पदरी किती टाकावयाचे हेही ठरते. जो इतिहास सर्वच गोष्टी नियतीवर किंवा शौर्यावर सोपवितो, तो हा भेद करू शकत नाही.

याच न्यायाने दुसरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्याच वेळी बोर्दोमध्ये ब्रिटनच्याच दुसऱ्या गुप्त खात्याचे लोक, क्लोद द बेसाक याच्या नेतृत्वाखाली, त्याच जहाजांवर घातपात करण्याच्या तयारीत होते. एका खात्याची योजना दुसऱ्याला ठाऊक नव्हती. हा दोष पाण्याचा नव्हता, आणि वल्हेकऱ्यांचाही नव्हता.

युद्धानंतर या विद्येचे पुढे काय झाले, हे थोडक्यात पाहून हे विवेचन संपवू. १९४८ च्या ईस्टरमध्ये इंग्लंडमधील डिव्हायझेस गावच्या तरुणांनी तेथून लंडनच्या वेस्टमिन्स्टरपर्यंत १०० तासांच्या आत होडी नेण्याचे आव्हान पुरे केले, आणि त्यातून एक वार्षिक शर्यत निर्माण झाली. तिचे अंतर १२५ मैल असून वाटेत ७७ पाणदारे आहेत. त्यांपैकी टेडिंग्टनपर्यंतचे पाणी बांधलेले, म्हणून वल्हेकऱ्याच्या बळाला उत्तर देणारे. टेडिंग्टनपासून वेस्टमिन्स्टरपर्यंतचे शेवटचे १७ मैल भरती-ओहोटीचे आहेत, आणि सलग वल्हविणारे स्पर्धक निघण्याची वेळ ठरवितात ती टेडिंग्टनला ओहोटी गाठता यावी अशा हिशेबाने. जो उशिरा पोहोचतो त्याचे सामर्थ्य कितीही असो, त्याला पाणी फिरेपर्यंत थांबणे भाग पडते. ब्रिटनमधील दीर्घ अंतराच्या कॅनू-शर्यतींच्या राष्ट्रीय मालिकेला हास्लरचे नाव दिलेले आहे, हे या संदर्भात उचितच म्हटले पाहिजे.

तात्पर्य, भरतीला 'उकळणे' म्हणणारी लॅटिन भाषा आणि तिला 'वेळ' म्हणणाऱ्या इंग्रजी व संस्कृत भाषा या दोहोंनीही खरेच सांगितले आहे. जिरोंदच्या मुखावर पहिल्या रात्री जे अनुभवाला आले ते 'एस्टुस'. त्यानंतरच्या चार रात्री दोन होड्यांना ज्याने बोर्दोपर्यंत नेले आणि परत बाहेर काढले ती 'वेला'. अमरकोशाने 'वेला' या शब्दाचा तिसरा अर्थ मर्यादा असा दिलेला आहे. पाण्याची मर्यादा कोठे संपते आणि माणसाची जबाबदारी कोठे सुरू होते हे या मोहिमेच्या अभ्यासकाला ठरवावयाचे असेल, तर तो तिसरा अर्थही त्याने विसरता कामा नये.